फौजदारी नसलेलं पहिलं वर्ष

प्रवेशाच्या दिवसांत इचलकरंजीला लागून असलेल्या कबनूरच्या आमच्या घरात आईच्या शिलाई मशीनवर दोन कागद पसरलेले असायचे. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या कायद्याच्या शिक्षणात पहिल्या वर्षी काय शिकवतात, ते दोन ठिकाणचं मी सायबर कॅफेतून छापून आणलं होतं. एक कोल्हापुरातलं जुनं कॉलेज. तिथं पहिल्या वर्षी इंग्रजी, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि एक ऐच्छिक विषय. कायदा असा जवळजवळ नाहीच, तो पुढच्या वर्षांत. दुसरं शहराबाहेरचं नवं खाजगी विद्यापीठ. तिथं पहिल्याच सत्रात कराराचा कायदा आणि नुकसानभरपाईचा कायदा, दुसऱ्या सत्रात फौजदारी, आणि सगळ्यात खाली एक ओळ : न्यायालय भेट, सक्तीची.

शेजारपाजारचे विचारायचे, कुठलं बरं वाटतंय? मी म्हणायचे, अजून बघतोय, दोन्हीकडच्या विषयांची तुलना करतोय. ऐकणाऱ्याला वाटायचं, पोरगी फार विचार करणारी आहे. मी विचार वगैरे काही करत नव्हते. कोर्ट कुठं उशिरा येतं, तेवढंच शोधत होते.

कारण कोर्ट मी एकदा पाहिलं होतं. लहान होते. आई तेव्हा आमच्याच गल्लीच्या टोकाला असलेल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये कांड्या भरायला जायची. आडव्या धाग्याच्या त्या कांड्या धोट्यात बसवून माग चालतो. एका दुपारी त्या शेडमध्ये मुकादमाची आणि एका कामगाराची बाचाबाची झाली आणि मुकादमानं हातातला धोटा फेकून मारला. धोट्याच्या दोन्ही टोकांना लोखंडी टोपी असते. ती कामगाराच्या डोळ्यावर बसली आणि तो डोळा गेला. शेडमध्ये माणसं पुष्कळ होती. पोलिसांनी विचारल्यावर सगळी म्हणाली, आमचं लक्ष मागाकडं होतं. आई म्हणाली, मी बघितलंय.

दोन-तीन वर्षांनी, मी तिसरीत असताना, तिला इचलकरंजीच्या कोर्टाचा समन्स आला. दादांची, म्हणजे वडिलांची, दिवसपाळी होती, म्हणून ती मला घेऊन गेली. मला बाहेरच्या बाकावर बसवलं. दार उघडंच होतं आणि त्यातून आईची पाठ दिसत होती. लाकडी पिंजऱ्यात ती उभी होती, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. काळ्या कोटातला एक उंच माणूस तिला विचारत होता. कांड्या भरताना मान खाली असते ना? मागांच्या आवाजात तुम्हाला बाचाबाची ऐकू कशी आली? ज्याचा डोळा गेला त्याचं तुमच्या घरी येणंजाणं होतं ना? कशासाठी येत होता? या प्रश्नावर मागं बसलेली दोघं-तिघं हसली. आईची पाठ हलली नाही. मग तो माणूस तितक्याच शांतपणे म्हणाला, "तुम्ही आज कोर्टात खोटं बोलताय."

आई काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. बाहेर आली तेव्हा तिनं माझा हात धरला आणि बसस्टँडवर येईपर्यंत तो इतका घट्ट धरून ठेवला की माझी बोटं पांढरी पडली. त्या दिवसानंतर ती शेडमध्ये गेली नाही. घरी परकर शिवायला घेतले. पुढं मुकादमानं आणि त्या कामगारानं आपसात मिटवलं, हे तिला आठवडी बाजारात वांगी घेताना कळलं. तिनं वांगी तशीच परत पाटीत ठेवली आणि घरी आली. दार वाजलं की मशीन थांबवून ऐकत बसायची तिला सवय लागली. मलाही लागली.

असं असताना कायद्याला जायचं कुणाच्या डोक्यात आलं असेल? तिच्याच. मी दहावीत असताना एकदा मशीनवर मान न उचलता ती म्हणाली होती, "त्या काळ्या कोटाच्या आत काय चालतंय, ते आपल्या घरात एकाला तर कळाय पायजे." मी हसून सोडून दिलं. बारावीनंतर तिनं प्रवेश परीक्षेचं विचारलं, तेव्हा हसता आलं नाही. नाही म्हणायलाही भीती वाटत होती आणि हो म्हणायला त्याहून जास्त. परीक्षा दिली. मार्क बरे पडले. मग ते दोन कागद आले.

दादांनी दोन्ही कागद उलटसुलट करून बघितले. ते रातपाळी करून आलेले, डोळे लाल. "ह्यात चांगलं कुठलं?" त्यांनी विचारलं.

"जुनं," मी म्हणाले. "पाया पक्का होतो. आधी समाजशास्त्र, राज्यशास्त्र, मग कायदा."

"आणि ह्ये?"

"ह्यांची घाई हाय. पोरांना पहिल्याच वर्षी कोर्टात नेतात."

आईनं मशीन थांबवलं आणि माझ्याकडं बघितलं. तिला कळलं असावं. ती पुन्हा पाय चालवायला लागली. मी जुनं कॉलेज घेतलं.

कागद तपासणीच्या रांगेत माझ्या पुढं कोडोलीची एक मुलगी होती. घरी ऊस आणि म्हशी, आवाज असा की खिडकीच्या आतला क्लार्क दचकायचा. तिनंही हेच दोन कागद बघितले होते आणि बरोबर उलटं ठरवलं होतं. "पैल्याच वर्षी फौजदारी हाय, कोर्ट बी दावत्यात, आणि काय पायजे?" ती म्हणाली. "वर्सभर समाजशास्त्र शिकून काय करू?" ती त्या नव्या विद्यापीठात गेली, मी जुन्या कॉलेजात, आणि तरी आमची गट्टी जमली. कारण संध्याकाळी मध्यवर्ती बसस्थानकावर ती कोडोलीच्या गाडीची वाट बघायची आणि मी इचलकरंजीच्या. दोन्ही गाड्यांना उशीर ठरलेला. त्या बाकावर बसून आम्ही दिवसभर काय शिकलो ते एकमेकींना सांगायचो.

ती सांगायची, प्रस्ताव आणि स्वीकार म्हणजे काय, दुकानाच्या काचेत किंमत लावून ठेवलेली साडी हा प्रस्ताव का होत नाही. मी सांगायचे, कुटुंबसंस्था, नातेसंबंधांचे प्रकार. ती सीनियरकडून जुन्या दंडसंहितेची पुस्तकं घेऊन आली आणि पंधरवड्यात परत करायला गेली, कारण आता नवी न्याय संहिता आली होती आणि सगळे कलमांचे आकडे बदलले होते. "पाठ केलेलं समदं पाण्यात," ती म्हणाली आणि भेळेचा पुडा माझ्यापुढं केला. मला तिचा हेवा वाटायचा. तिच्या विषयांचा नव्हे, घाबरत नाही याचा. फौजदारीतल्या दुखापतीचं प्रकरण ती सांगायला लागली की मी विषय बदलायचे.

माझ्याकडंही सगळं सुरक्षित नव्हतं. पहिल्याच आठवड्यात समाजशास्त्राच्या तासाला सरांनी मला उठवलं. मी म्हणाले, "मी वाचतो, सर." आमच्याकडं पोरीही असंच बोलतात. मागच्या बाकावरून पुण्याची एक मुलगी हसली. ते हसणं ऐकल्यावर माझ्या कानात दुसरंच हसणं वाजायला लागलं आणि पुढचा परिच्छेद मला दिसेना. मी खाली बसले. सरांना वाटलं, चक्कर आली.

दुसऱ्या सत्रात ऐच्छिक विषय निवडायचा होता. दोन होते : न्यायालयीन कामकाजाची ओळख, आणि कायद्याची भाषा व लेखन. निवडायला मला जराही वेळ लागला नाही. भाषा म्हणजे व्याकरण असेल, अर्ज लिहायचे असतील, भाषांतर असेल. भाषेत कोण कुणाला पिंजऱ्यात उभं करणार?

त्या विषयाला एक मॅडम होत्या. पूर्वी कोर्टात वकिली केलेल्या, बारीक, केस पांढरे, चष्मा दोरीला बांधलेला. दोन-तीन आठवडे अर्ज आणि नोटिसा झाल्या. मग एक दिवस त्यांनी वर्गात झेरॉक्स वाटले. नावं काळ्या शाईनं खोडलेली. "ही एका साक्षीदाराची साक्ष," त्या म्हणाल्या. "खालच्या कोर्टात साक्ष मराठीत लिहिली जाते. ही भाषा नीट वाचता आली नाही, तर पुढं अपिलात तुम्ही काय भाषांतर करणार? एकेकानं वाचा."

माझे तळहात थंड पडले. मी बाकं मोजायला लागले, माझी पाळी कुठं येते ते बघायला. मला शेवटचा भाग आला. उलटतपास, म्हणजे विरुद्ध बाजूच्या वकिलानं विचारलेले प्रश्न. लिहिताना त्यात प्रश्न नसतातच, नुसती उत्तरं असतात, साक्षीदार स्वतःच बोलतोय अशी. मी वाचायला लागले. "हे म्हणणे खरे नाही की, घटनेच्या वेळी मी तेथे हजर नव्हतो. हे म्हणणे खरे नाही की, फिर्यादीच्या सांगण्यावरून मी हे सांगत आहे." आणि मग शेवटची ओळ आली. "हे म्हणणे खरे नाही की, मी आज न्यायालयात..."

तिथं मी थांबले. मॅडमनी वाट बघितली. मग त्यांनीच ती ओळ पुरी केली, कागदाकडं न बघता. "खोटी साक्ष देत आहे. पाठ आहे मला. तुम्हालाही होईल. हे प्रत्येक उलटतपासाच्या शेवटी असतंच."

"प्रत्येक?" मी उभीच होते.

"बहुतेक प्रत्येक. आरोपीच्या वकिलाला आपली बाजू साक्षीदारासमोर मांडावी लागते. न मांडली तर साक्ष त्याला मान्य आहे, असं पुढं कुणी म्हणू शकतं. म्हणून शेवटी तो म्हणतो, तुम्ही खोटं सांगताय. साक्षीदार म्हणतो, खरं नाही. संपलं. डॉक्टरला विचारतात, फौजदाराला विचारतात. त्यात रागही नसतो आणि अपमानही नसतो."

मी खाली बसले. पुढचा तास काय झाला ते सांगता येणार नाही. माझा विश्वास बसला नव्हता. शिकवताना मास्तर लोक एखादी गोष्ट सोपी करून सांगतात, तसं असेल असं वाटलं. आणि विश्वास बसला असता तर मला जास्त भीती वाटली असती, कारण मग ते आईला सांगावं लागलं असतं.

संध्याकाळी बाकावर मी कोडोलीच्या मैत्रिणीला पहिल्यांदा सगळं सांगितलं, धोट्यापासून. ती भेळ खायची थांबली. पुडा गुंडाळून ठेवला. मग म्हणाली, "मी गेलतो की कोर्टात, वर्गासंगं. पण तेव्हा लक्ष न्हवतं गेलं. आपण दोघीच जाऊ. कुणीबी मागं बसून ऐकू शकतंय."

"मला न्हाई जमायचं."

"मी हाय न्हवं संगं."

कोल्हापुरातच कसबा बावड्याला जिल्हा न्यायालयाच्या इमारतीसमोर मी रिक्षातून उतरले. जिन्यावर काळे कोटच काळे कोट. तिनं माझा दंड धरला आणि जवळजवळ ढकलतच एका खोलीत नेऊन मागच्या बाकावर बसवलं. मी डोळे खाली ठेवले. एका चोरीच्या खटल्यातला पंच साक्ष देत होता, हातात टोपी घेतलेला म्हातारा. शेवटी वकील म्हणाला, तुम्ही पोलिसांच्या सांगण्यावरून खोटं सांगताय. म्हातारा म्हणाला, "न्हाई साहेब." टायपिंग झालं. तो गेला. मग तपास करणारा फौजदार पिंजऱ्यात आला, छाती काढून. त्यालाही तेच. तुम्ही खोटा तपास केला आणि आज खोटी साक्ष देताय. फौजदारानं घड्याळाकडं बघत सांगितलं, "म्हणणं खरं नाही." आम्ही बाहेर आलो तेव्हा वकील आणि तो फौजदार दाराशी उभे राहून पावसापाण्याचं बोलत होते.

मैत्रीण माझ्या कानाशी म्हणाली, "बघ." मी बघत होते. सुटका वगैरे काही वाटली नाही. तळमळ सुरू झाली. एवढी साधी गोष्ट होती. एवढ्या साध्या गोष्टीनं आमच्या घरातलं मशीन इतकी वर्षं दाराच्या आवाजासरशी थांबत होतं.

घरी सांगायला मला आठवडा गेला. तिच्यासमोर कोर्ट हा शब्द आम्ही काढायचो नाही. एका दुपारी दादा झोपले होते, आई काज करत होती. मी तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि सांगितलं. मॅडमनी काय सांगितलं, त्या म्हाताऱ्याला काय विचारलं, फौजदाराला काय विचारलं.

आईनं सुई कापडात खोचून ठेवली. "समद्यांना इचारत्यात?"

"व्हय."

"फौजदाराला बी?"

"व्हय, आई. तेला बी खोटं म्हटलं. तो घड्याळ बघत हुता."

मला वाटलं होतं तिला बरं वाटेल. तसं झालं नाही. तिचा चेहरा हळूहळू आवळत गेला. "मग मला कुणी सांगितलं का न्हाई?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण तसा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. "आपला सरकारी वकील हुता की तिथं. माझ्या बाजूचा म्हणत हुते तेला. बाई, शेवटाला असं इचारणार हाईत, एवढं एक वाक्य तेला सांगता येत न्हवतं? मी आत गेलतो ती खरं सांगाय. भाईर आलो ती खोटारडी हून आलो. सगळ्या गल्लीम्होरं."

"आणि ते येण्याजाण्याचं..." मी चाचरत म्हणाले.

"ते तर निराळंच," ती म्हणाली. "ते फौजदाराला न्हाई इचारलं न्हवं?"

नाही. ते नव्हतं विचारलं. ते मॅडमच्या झेरॉक्समध्येही नव्हतं. ती उठून मोरीत गेली, तोंडावर पाणी मारलं, परत येऊन काज करायला बसली. मला वाटलं, मी जुनी जखम उगाच उकरली. दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं चांगलं लुगडं नेसलं आणि म्हणाली, "मला बघायचंय. इचलकरंजीच्याच कोर्टात. चल."

मी नको म्हणून पाहिलं. काही झालं तर, कुणी ओळखलं तर, तिला तिथंच त्रास झाला तर. ती चप्पल घालून दारात उभी. आम्ही गेलो. तो लांब व्हरांडा मला आठवत होता त्याहून खूपच लहान होता. बाकावर एक बाई बसली होती, माझ्या आईपेक्षा तरुण, कडेला पिशवी, हातात घामानं मऊ झालेला समन्स. ती सारखी पाण्याची बाटली उघडत होती आणि न पिता बंद करत होती. आई तिच्याशेजारी जाऊन बसली.

"साक्ष हाय व्हय, पावणं?"

बाईनं मान हलवली.

"पैलीच वेळ?"

"व्हय."

"मग ऐक. शेवटाला तू खोटं बोलतीस म्हणतील. समद्यांना म्हणत्यात, फौजदाराला बी. मनाला लावून घ्यायचं न्हाई. खरं न्हाई, एवढंच म्हणायचं आणि भाईर यायचं."

साक्षीदाराला पढवणं हा गुन्हा असतो का, हे मला माहीत नव्हतं. पहिल्या वर्षात ते नव्हतंच, मीच असा अभ्यासक्रम निवडला होता ज्यात ते नव्हतं. मी आईचा पदर ओढला. तेवढ्यात शिपायानं दारातून त्या बाईच्या नावाचा पुकारा केला. ती उठली, पिशवी आईच्या हातात दिली आणि आत गेली. आम्ही पिशवी घेऊन बसलो. दार बंद होतं, आतलं काही दिसलं नाही. मी जिन्याकडं बघत होते, कुणी वकील येऊन आम्हाला विचारतो का म्हणून. आई भिंतीला टेकून शांत बसली होती, पण पिशवीचे बंद तिनं हाताला गुंडाळून घेतले होते. बाई बाहेर आली, पिशवी घेतली, "सांगितलं तसंच म्हटलं," एवढं बोलली आणि खाली निघून गेली. आत काय झालं ते आम्हाला कधीच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमच्या खोलीबाहेर बराच वेळ घुटमळले आणि शेवटी आत जाऊन विचारलं. नावं टाळली, पण त्यांना कळायचं ते कळलं. त्यांनी चष्मा काढला. "तिथं काय होतं हे सांगणं वेगळं," त्या म्हणाल्या, "आणि काय बोलायचं हे सांगणं वेगळं. पहिलं सरकारी वकिलाचं काम आहे, तो करत नाही. दुसरं कुणीच करायचं नसतं. तुमच्या त्या ओळखीच्या बाईंनी काय केलं?"

"दोन्ही थोडं थोडं," मी म्हणाले.

त्या हसल्या नाहीत. "पुढच्या वर्षी फौजदारी आहे," त्या म्हणाल्या. "घाबरून आलात तरी चालेल, पण या. मीच शिकवते तो विषय."

आता मी दुसऱ्या वर्षाला आहे, फौजदारीचं दुसरं सत्र चाललंय. उलटतपासाच्या सरावाला मला उभं केलं की अजून तळहात थंड पडतात आणि मी पाण्याचा घोट घेऊन मगच सुरू करते. कोडोलीची मैत्रीण म्हणते की माझे प्रश्न फार सावकाश असतात. आईला मी दर आठवड्याला काय शिकले ते सांगते. ती काही वेळा ऐकते, काही वेळा म्हणते, "आज नको," आणि मशीन चालवत राहते.